श्रूजबरी, कबर्ड आणि पोस्टमन

कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर १९५५ सालापासून असलेली कयानी बेकरी पुणेकरांना नव्याने सांगायला नको. तिथलं खुसखुशीत बिस्किट परगावी निघालेल्याच्या पिशवीत हमखास असतं. त्याचं नाव मात्र गिऱ्हाइकागणिक बदलतं. कुणी श्रूसबेरी म्हणतं, कुणी श्रेव्जबरी, कुणी नुसतं 'सबेरी'. उगाच पंचाईत नको म्हणून कुणी काचेकडे बोट दाखवतं आणि 'ते द्या अर्धा किलो' म्हणून मोकळं होतं.

बोट दाखवायची खरं तर गरज नाही. इंग्रजीत दोन शब्द जोडून एक नाम तयार झालं, की त्याचे तुकडे कसे पडतात, जोर कुठे येतो आणि कुठला स्वर गिळला जातो याची एक रीत आहे. ती रीत शाळेत क्वचितच कुणी समजावून सांगतं. शाळेत आपल्याला स्पेलिंग पाठ करायला लावतात आणि उच्चार आपण स्पेलिंगवरून ताडतो. घोटाळा तिथूनच सुरू होतो. आज आपण हीच रीत पायरीपायरीने पाहू, आणि उदाहरणं शक्यतो पुण्यातलीच घेऊ.

आधी दोन शब्दांची ओळख करून घेऊ. दोन सुटे शब्द एकत्र येऊन एकाच गोष्टीचं नाव झालं, तर त्याला सामासिक नाम म्हणतात, इंग्रजीत कंपाउंड नाउन. आपला 'पोळपाट' तसाच. दुसरा शब्द सिलॅबल, म्हणजे शब्दावयव: एका स्वराभोवती, एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा. या लेखात मी त्याला सरळ 'तुकडा'च म्हणणार आहे.

पहिली पायरी तुकडे मोजण्याची. स्पेलिंगकडे बघू नका, आणि देवनागरीत लिहिलेली अक्षरंही मोजू नका. 'बिस्किट' लिहिताना आपण तीन अक्षरं लिहितो, पण म्हणताना बिस आणि किट असे दोनच तुकडे पडतात. खात्री करायची असेल तर तळहाताची मागची बाजू हनुवटीखाली टेकवा आणि शब्द सावकाश म्हणा. जबडा जितक्या वेळा खाली येईल तितके तुकडे. ज्यांनी शाळेत वृत्तांचे गण पाडले आहेत त्यांना हे अवघड जाणार नाही.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं ठिकाण जोडस्वरांचं. 'हाउस' लिहिताना हा, उ, स अशी तीन अक्षरं येतात, म्हणून आपण दोन-तीन तुकडे धरतो. इंग्रजीत तो एकच तुकडा आहे. जीभ 'आ'वरून 'उ'कडे सरकते, पण मध्ये थांबत नाही.

दुसरं ठिकाण शब्दाच्या शेवटी येणाऱ्या जोडव्यंजनांचं. मराठीत 'स्नान', 'स्पर्श' असे शब्द असल्यामुळे सुरुवातीचं जोडाक्षर आपल्याला जड जात नाही. पण शेवटी दोन व्यंजनं आली की मध्ये आपण हळूच एक 'अ' किंवा 'इ' सरकवतो. फिल्मचं फिलिम होतं, बल्बचा बलब आणि फार्मचं फारम. मग मुळशीच्या रस्त्यावरचं फार्महाउस दोन तुकड्यांचं न राहता 'फा-रम-हाउस' असं तीन तुकड्यांचं होतं. परक्या माणसाला तो शब्दच ओळखू येत नाही. त्याचे कान दोन ठोक्यांची वाट बघत असतात आणि आपण तीन देतो.

दुसरी पायरी सांधा शोधण्याची. जोड कुठे आहे ते कळल्याशिवाय उच्चार जमत नाही. मराठीत हे आपण नकळत करतो. 'पोळपाट' हा शब्द कुणी 'पो-ळपाट' असा तोडत नाही, कारण पोळी आणि पाट दोन्ही आपल्या ओळखीचे आहेत. इंग्रजीत मात्र निम्म्या वेळा सांधा दिसतच नाही, कारण मूळ शब्द आपल्याला माहीत नसतात.

त्या बिस्किटाचंच बघा. श्रूजबरी हे इंग्लंडमधल्या एका जुन्या गावाचं नाव. त्या गावाच्या नावाने ओळखला जाणारा गोड, ठिसूळ केक इतका जुना आहे, की विल्यम काँग्रीव्हच्या १७०० सालच्या नाटकात त्याचा उल्लेख येतो. नावातला शेवटचा तुकडा 'बरी'. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ तटबंदीची जागा. आपल्या अक्कलकोटमधला 'कोट' म्हणा ना. म्हणजे सांधा 'श्रूज' आणि 'बरी' यांच्यामध्ये आहे. त्यात बोरासारखं कुठलंही फळ नाही, तेव्हा 'बेरी' म्हणायचं कारणही उरत नाही.

गंमत अशी, की हाच शेवट आपण दुसऱ्या एका नावात अगदी अचूक म्हणतो. कॅडबरी! त्याला कॅडबेरी म्हणणारा पुणेकर मला तरी भेटलेला नाही. अक्षरं तीच, शेवट तोच. मग एकीकडे 'बरी' आणि दुसरीकडे 'बेरी' का? कॅडबरी हा शब्द आपण लहानपणी ऐकून शिकलो आणि श्रूजबरी मोठेपणी खोक्यावर वाचून. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उदाहरणात हेच दिसेल. जे शब्द कानाने आले ते बरेच सरळ राहिले, डोळ्यांनी आलेले वाकडे झाले.

सांध्याबद्दल बोलतोय तर शब्दकोशातल्या ठिपक्यांचा घोळही इथेच निस्तरू. अप्पा बळवंत चौकातून आणलेला कुठलाही जाडजूड इंग्रजी कोश उघडा. अनेक कोशांत मूळ शब्दाच्या मधेमधे ठिपके दिलेले असतात. पालकांना वाटतं, तो उच्चाराचा विभाग आहे. तसं नसतं. ओळीच्या शेवटी जागा संपली तर शब्द कुठे तोडून पुढच्या ओळीवर न्यायचा, हे छापखान्याला सांगण्यासाठी ते ठिपके आहेत. ही छपाईची तोड सगळीकडे सारखीही नाही. ब्रिटिश पद्धत शब्दाच्या मूळ घडणीकडे बघते, अमेरिकी पद्धत उच्चाराकडे झुकते. 'नॉलेज' हा शब्द त्यामुळे दोन्ही देशांत वेगवेगळ्या ठिकाणी तुटतो. उच्चाराचे तुकडे शोधायचे असतील तर ठिपके सोडा आणि त्यापुढची तिरप्या रेघांमधली उच्चारलिपी बघा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या घरातच उभं असतं. सी-यू-पी, मग बी-ओ-ए-आर-डी. पुण्यात त्याला सर्रास 'कपबोर्ड' म्हणतात. छपाईसाठी तो शब्द कप आणि बोर्ड असाच तुटतो. उच्चारताना मात्र 'क-बर्ड' असे दोन तुकडे पडतात. पी कुठे गेला आणि बोर्डचं बर्ड कसं झालं, हे कळलं की अर्धा विषय समजला. पण त्याआधी जोराचं बघू.

तिसरी पायरी आघाताची. आघात म्हणजे शब्दातल्या एका तुकड्यावर येणारा जोर, इंग्रजीत स्ट्रेस. मराठीत आपण जवळजवळ सगळ्या तुकड्यांना सारखी वागणूक देतो. जोर द्यायचाच असेल तर आवाज न वाढवता 'च' लावतो: मीच, आजच, इथेच. इंग्रजीत तसा 'च' नाही. तिथे एक तुकडा लांबतो, त्याचा सूर थोडा चढतो आणि त्यातला स्वर स्वच्छ ऐकू येतो. आघात म्हणजे ओरडणं असा समज करून घेऊ नका. आपल्याकडे पुष्कळ मुलं आघात शिकताना नुसता आवाज वाढवतात, पण तुकड्याची लांबी तेवढीच ठेवतात. त्याने काहीच साधत नाही.

सामासिक नामाचा ढोबळ नियम असा, की मुख्य आघात पहिल्या शब्दावर येतो. खाली जिथे गरज पडेल तिथे आघाताच्या आधी एक उभी खूण देतो: ˈरेसकोर्स, ˈबोटक्लब, ˈपोस्ट ऑफिस, ˈबस स्टॉप. शब्द जोडून लिहिलाय, सुटा लिहिलाय की मध्ये आडवी रेघ आहे, याचा आघाताशी काही संबंध नाही. पोस्ट आणि ऑफिस वेगळे छापले म्हणून दोघांना सारखा जोर देऊ नका. नाव एका गोष्टीचं आहे, म्हणून मुख्य जोरही एकच.

हा नियम नुसता ऐटीसाठी नाही, त्याने अर्थ बदलतो. 'ˈइंग्लिश टीचर' म्हणजे इंग्रजी शिकवणारी शिक्षिका, आणि 'इंग्लिश ˈटीचर' म्हणजे इंग्लंडची असलेली शिक्षिका, मग ती गणित का शिकवेना. मराठीला हा त्रास नाही, कारण आपल्याकडे शब्दरूपच बदलतं. एक 'इंग्रजीच्या बाई' आणि दुसऱ्या 'इंग्रज बाई'. मावळातल्या गुलाबांच्या शेडला इंग्रजीत 'ˈग्रीनहाउस' म्हणतात. 'ग्रीन ˈहाउस' म्हटलं तर ते हिरवा रंग दिलेलं साधं घर झालं. शाळांमधले फळे आता हिरवे झालेत, तरी त्यांना 'ˈब्लॅकबोर्ड' म्हटलं तर चुकत नाही. जोर पहिल्या शब्दावर आला की 'ब्लॅक'चा रंग जातो आणि वस्तूचं नाव उरतं.

चौथी पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आघात पहिल्या तुकड्यावर बसला की दुसरा झिजतो. त्यातला स्वर पुसट होत होत नुसता 'अ' उरतो. उच्चारलिपीत या पुसट 'अ'साठी उलटा काढलेला ई असतो आणि त्याचं नाव श्वा. इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर हाच. मराठी माणसाला तो नव्याने शिकावा लागत नाही, कारण आपला ऱ्हस्व 'अ' त्याच्या अगदी जवळचा आहे. परदेशी विद्यार्थी ज्या स्वरासाठी झगडतात तो आपल्याला जन्मजात मिळालेला, आणि नेमका तिथेच आपण ठणठणीत 'ओ', 'ॲ' नाहीतर 'ए' उच्चारतो.

ही झीज फक्त इंग्रजीत होते असंही नाही. मराठीत फूल आणि बाग जोडले की 'फुलबाग' होते, घोडा आणि दौड मिळून 'घोडदौड', पोळी आणि पाट मिळून 'पोळपाट'. फरक इतकाच, की आपल्याकडे पहिला शब्द झिजतो आणि इंग्रजीत बहुतेक वेळा दुसरा. मराठी बोलणाऱ्याची चूक इथेच होते. सवयीने आपण शेवटचा शब्द शाबूत ठेवतो, आणि इंग्रजीला तर नेमका तोच झिजवून हवा असतो. (अपवाद आहेतच. 'ब्रेकफस्ट'मध्ये दोन्ही बाजू झिजल्या आहेत. ब्रेकमधला 'ए' आखूड झाला आणि फास्टचं फस्ट झालं.)

आता कपाटाकडे परत जाऊ. कप ठेवायची फळी ती कपबोर्ड, म्हणून जोर 'क'वर आला. दुसऱ्या तुकड्यातला 'ओ' झिजून 'अ' झाला, म्हणून 'बर्ड'. त्यातला 'र'सुद्धा ब्रिटिश उच्चारात ऐकू येत नाही. आपण मराठी माणसं 'र' उच्चारतो, त्यात काही बिघडत नाही, अमेरिकेत तर तो स्पष्ट म्हणतात. पण 'ओ' मात्र सोडा.

झिजण्याची याहून ठळक उदाहरणं 'मन'ने शेवट होणाऱ्या शब्दांत सापडतात. पोस्टमन, वॉचमन, चेअरमन, वायरमन, लाइनमन, गँगमन. मुळात इंग्रजीत 'मॅन' आहे, पण सामासिक शब्दात त्याचं 'मन' होतं, आणि मराठीने ते जसंच्या तसं उचललं. आपली सोसायटी, आपलं आयटीआय, आपलं वीज मंडळ सगळीकडे 'वायरमन'च म्हणतात आणि लिहितात. अलीकडे मात्र इंग्रजी शाळेतली मुलं 'पोस्टमॅन' म्हणायला लागली आहेत, कारण ती पुस्तकातली अक्षरं वाचतात. म्हणजे आजोबा बरोबर आणि नातू चूक! एकापेक्षा जास्त पोस्टमन असले तरी बहुतेक जण 'पोस्टमन'च म्हणतात. स्पेलिंगमध्ये ए जाऊन ई येतो, कानाला फरक कळत नाही. सुपरमॅन आणि स्नोमॅन हे मात्र अपवाद. तिथे 'मॅन' पुरता ऐकू येतो.

रेल्वेचा 'फलाट' हे तर झिजेचं टोक. प्लॅटफॉर्म हा प्लॅट आणि फॉर्म यांचा जोडशब्द. जोर पहिल्या शब्दावर, म्हणून तो तेवढा टिकला आणि मागचा फॉर्म गळून गेला. पुण्यात आगगाडी १८५८ साली आली. ज्यांनी हा शब्द आपलासा केला त्यांना इंग्रजी स्पेलिंगशी काही देणंघेणं नव्हतं, जे ऐकू आलं ते त्यांनी घेतलं. 'वास्कट'चीही तीच गोष्ट. वेस्ट आणि कोट मिळून झालेल्या त्या शब्दाला इंग्लंडमध्ये पूर्वी 'वेस्किट' म्हणत, मधला ट आणि शेवटचा ओ दोन्ही गाळून. आज तिकडेही बहुतेक जण स्पेलिंगप्रमाणे 'वेस्कोट' म्हणतात. म्हणजे स्पेलिंग वाचून उच्चार बदलण्याची खोड एकट्या आपल्यालाच नाही.

'बरी'चाही हिशेब इथेच बसतो. श्रूजबरी म्हणताना जोर 'श्रूज'वर आणि 'बरी' अगदी हलकं, जवळजवळ 'ब्री'. सावकाश म्हटलं तर तीन तुकडे पडतात, घाईत दोन. पहिल्या तुकड्याबद्दल खुद्द त्या गावातच दोन मतं आहेत. कुणी 'श्रूज' म्हणतं, कुणी 'श्रोज', आणि दोन्ही उच्चार कोशात सापडतात. शिवणे या अर्थाचा इंग्रजी शब्द ई-डब्ल्यूने संपूनही 'सो' असाच म्हणतात, तेव्हा 'श्रोज' तितकंसं विचित्र नाही. पुण्याला 'श्रूज' सोयीचं आहे, तेच ठेवा. त्यातला 'ज' तेवढा 'जोर'मधला हवा, 'जीव'मधला नको.

मार्केट यार्डाजवळच्या सॅलिसबरी पार्कात राहणाऱ्यांनी हे वाचून थोडं दचकायला हरकत नाही. इंग्लंडातल्या त्या नावाचा उच्चार 'सॉल्जबरी' असा होतो. 'सॅलि' असा तुकडा त्यात नाहीच, मधला आय मुका आहे. पण आपल्या पत्त्यात रिक्षावाल्याला 'सॉल्जबरी पार्क' सांगाल तर तो मीटर टाकायच्या आधी तीनदा विचारेल. पुण्यात पुण्याचा उच्चार करा, विलायतेत विलायतेचा.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीबद्दलही लगेच सांगून टाकतो, कारण हमखास कुणीतरी विचारतं. तिच्यात खरोखरच 'बेरी' आहे. तरी ब्रिटिश माणूस 'स्ट्रॉब्री' म्हणतो आणि अमेरिकी माणूस 'स्ट्रॉबेरी'. अमेरिकेत 'बरी' आणि 'बेरी'ने संपणाऱ्या नावांत मागचा स्वर बऱ्याचदा शाबूत ठेवतात. तेव्हा स्ट्रॉबेरी म्हणणाऱ्याला दुरुस्त करू नका.

पाचवी पायरी सांध्यावरच्या व्यंजनांची. दोन शब्द भेटतात तिथे एकाचं शेवटचं व्यंजन आणि दुसऱ्याचं पहिलं व्यंजन समोरासमोर येतात. दोघांची जागा तोंडात एकच असेल तर एक दुसऱ्यात मिसळतं. पी आणि बी दोन्ही ओठ मिटूनच उच्चारायचे. ओठ एकदा मिटून एकदाच उघडले, की मधला 'प' ऐकू येत नाही. कबर्डमधला पी असा नाहीसा झाला. तो विसरला गेला नाही, बी-मध्ये विरला.

व्यंजन अगदी तेच असेल तर ते दोनदा म्हणायचं नाही, थोडं लांबवायचं. 'बस स्टॉप'मध्ये दोन स आहेत. पीएमपीच्या रांगेतला कुणीही 'बस्टॉप' म्हणतो, आणि ते जवळपास बरोबर आहे. उलट शुद्ध बोलायच्या नादात 'बस' म्हणून थांबायचं आणि मग नव्याने 'स्टॉप' म्हणायचं, ही चूक.

तीन व्यंजनांची गर्दी झाली तर मधलं बहुधा पडतं. पोस्टमनमध्ये स, ट, म असे तिघे एका ओळीत येतात. पटकन बोलताना ट जातो आणि 'पोसमन' उरतं. गावाकडच्या आजी जे म्हणायच्या तेच. हँडकर्चिफमधला डी तर कायमचाच गेला, तिथे 'हँकर्चिफ' म्हणतात.

सहावी पायरी, जिथे ढोबळ नियम मोडतो. जागांची नावं आणि रस्ते आले की आघात बहुतेक वेळा शेवटच्या शब्दाकडे जातो: कोरेगाव ˈपार्क, एम्प्रेस ˈगार्डन, लॉ कॉलेज ˈरोड. यालाही अपवाद आहे, आणि तो पाठ करून टाकावा असा आहे. 'स्ट्रीट' शब्दावर आघात येत नाही, तो आधीच्या शब्दावरच राहतो. कॅम्पात दोन्ही प्रकार शेजारीशेजारी आहेत. 'ˈईस्ट स्ट्रीट' म्हणताना जोर ईस्टवर. महात्मा गांधी रस्त्याला पूर्वी मेन स्ट्रीट म्हणत, तिथे जोर 'ˈमेन'वर. त्याच रस्त्याचा 'एम. जी. ˈरोड' झाल्यावर जोर उडी मारून रोडवर गेला. रस्ता तोच, दुकानं तीच, फक्त शेवटचा शब्द बदलला. का, ते विचारू नका. इंग्रजीची चालच तशी.

खाण्याच्या पदार्थांतही असंच आहे. ॲपल ˈपाय म्हणताना जोर पायवर येतो. पण शेवटी 'केक' किंवा 'ज्यूस' आला की तो पहिल्या शब्दावर: ˈख्रिसमस केक, ˈऑरेंज ज्यूस. त्या हिशेबाने 'ˈश्रूजबरी केक' असं म्हणायचं आणि बिस्किट असेल तर सहसा 'श्रूजबरी ˈबिस्किट'.

तीन शब्दांचं नाव आलं तर घाबरू नका, आतून बाहेर या. 'बोट क्लब रोड' घ्या. आधी आतली जोडी, बोट क्लब. जोर 'ˈबोट'वर. मग त्या जोडीला रोड लावा. मुख्य जोर आता रोडवर गेला, पण बोटवरचा थोडासा मागे राहिला. 'क्लब' मध्ये चिरडला गेला, तो हलकाच म्हणायचा. तिन्ही शब्द समान ताकदीने म्हटले, की वाक्य इंग्रजी असूनही ऐकणाऱ्याला तीन वेगळ्या वस्तूंची यादी वाटते.

आता कोश बघताना काय करायचं ते थोडक्यात. डॅनियल जोन्सने १९१७ साली इंग्रजी उच्चारांचा कोश काढला, तेव्हापासून उच्चारलिपीतली आघाताची उभी खूण तुकड्याच्या आधी द्यायची पद्धत रुळली. म्हणजे खूण दिसली की तिच्या पुढचा तुकडा जोराने म्हणायचा. काही जुन्या कोशांत मात्र ती आघाताच्या तुकड्यानंतर येते. प्रस्तावनेतलं पान न वाचता कोश उघडणाऱ्याचा इथे हमखास गोंधळ होतो. खालच्या बाजूला दिलेली तशीच खूण दुय्यम आघाताची असते. मोबाइलवर कोश असेल तर कर्ण्याचं चित्र दाबून ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही उच्चार ऐका, आणि स्पेलिंग बघण्याच्या आधी ऐका.

उच्चार वहीत देवनागरीत लिहून ठेवायला अजिबात लाजू नका. ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ मराठी वर्णमालेत आले, त्यामुळे बॅट आणि बॉलमधले स्वर नीट दाखवता येतात. पुसट 'अ' तर आपल्याकडे आहेच. आघात तेवढा देवनागरीत दिसत नाही, म्हणून तो स्वतः खूण करून दाखवावा लागतो. खुणेशिवाय लिहिलेला उच्चार अर्धाच.

शेवटी एक धोक्याची सूचना. स्वर गिळायची ही रीत कळली, की काही जण सगळंच गिळायला लागतात. आघाताच्या तुकड्यातला स्वर कधीही पुसट होत नाही. 'ˈब्लॅकबोर्ड'मधला ॲ ठसठशीतच हवा, आणि त्यातल्या बोर्डचा 'ओ'सुद्धा टिकतो. कबर्डमध्ये बोर्ड झिजला म्हणून ब्लॅकबोर्डचं 'ब्लॅकबर्ड' कराल तर तो फळा राहणार नाही, तो एका पक्ष्याचं नाव होईल. जुने, रोजच्या वापराने गुळगुळीत झालेले शब्द झिजतात, नवे शब्द बहुधा शाबूत असतात. कुठला शब्द कुठल्या गटातला हे नियमाने कळत नाही, कानानेच कळतं.

पुण्यातल्या नावांचा विषय निघालाच आहे, तर फर्ग्युसन कॉलेजचंही सांगायला हवं. ते आडनावही सामासिकच आहे: फर्गसचा सन, म्हणजे मुलगा. 'फर्-ग-सन' असे तीन तुकडे, जोर पहिल्यावर, मध्ये 'य' नाही. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचं नाव १८८५ साली कॉलेजला दिलं गेलं आणि तेव्हापासून पुण्याने त्यात आपला 'य' घातला. तो आता पुण्याचाच झाला. इंग्लंडमध्ये त्या आडनावाचा माणूस भेटला तर फर्गसन म्हणा. डेक्कनवर म्हणायला जाल तर लोक तुम्हालाच दुरुस्त करतील.

आणि घरात मुलांचा उच्चार सुधारायला बसाल तेव्हा एक करा. वडीलधाऱ्यांपैकी कुणी 'पोस्टमन', 'बस्टॉप' किंवा 'वॉचमन' म्हणत असेल, तर नातवंडाला त्यांची चूक काढू देऊ नका. त्या तीन शब्दांपुरते तरी गुण त्यांचेच आहेत.